काचेतलं बाळ घरी येतंय

वाचकाचं पत्र:

ताई, माझं बाळ १८ नोव्हेंबरला झालं, ३१ आठवड्यांचं. खरी तारीख २० जानेवारी होती. जन्मताना वजन १ किलो ३८० ग्रॅम. बार्शीहून रातोरात सोलापूरला आणून काचेत ठेवलं. चार दिवस श्वासाचं मशीन, मग नळीने दूध. आता बोंडल्याने पितो, थोडं अंगावरही ओढतो. आज ३३ दिवस झाले, वजन १ किलो ८२० भरलंय आणि परवा घरी सोडणार म्हणतात. सगळे पेढ्यांच्या गोष्टी करतायत आणि मला धडकी भरलीय. इथे मशीन वाजलं की सिस्टर धावत येतात. घरी रात्री त्याचा श्वास थांबला तर मला कळणार कसं?

माझी आई नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच. सासूबाई रोज डबा घेऊन येतात, दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसतात. त्यांना आत सोडत नाहीत, अजून बाळाला हातसुद्धा लावलेला नाही. घरी त्यांनी खोली तयार ठेवलीय: शेगडी, धुरीचं सामान, मोहरीची उशी, गुटीची सहाण. सव्वा महिन्याला बारसं आणि संक्रांतीला बोरनहाण करायचं म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी २ जानेवारीला परत बोलावलंय, तर सासरे म्हणतात, पोरगं टुकुटुकु बघतंय, थंडीत कशाला नाचवायचं? आणि एकीने कानावर घातलंच, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. माझंच काही चुकलं का?
एक आई, बार्शी

उत्तर:

पोरी, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात ठेवून तू घरी गेलीस तर बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. तुझं काहीही चुकलेलं नाही. जिना चढलीस, कळशी उचललीस, कुणावर चिडलीस म्हणून बाळ लवकर येत नसतं. कधी रक्तदाब वाढतो, कधी जंतुसंसर्ग होतो, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही. सातव्या-आठव्याचं म्हणशील तर ते साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो. २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा ३१ आठवड्यांचं बाळ केव्हाही सुदृढ. जिने तुला ते ऐकवलं तिला उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस. तुझ्या लेकाने ४४० ग्रॅम वजन वाढवून उत्तर दिलंय.

आता रात्रीची भीती. मी तीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते, म्हणून एक आतली गोष्ट सांगते. मशीन वाजलं की आम्ही धावतो खऱ्या, पण आकड्याकडे नंतर बघतो. आधी बाळाकडे बघतो. ओठ गुलाबी आहेत का, छाती हलतेय का, हात लावल्यावर बाळ चुळबुळ करतं का. बहुतेक वेळा पायाला गुंडाळलेली लाल दिव्याची पट्टी सरकलेली असते, ती नीट केली की आवाज बंद. बाळ ओळखायचं ते बघूनच, आणि ते बघणं तुला शिकता येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी चार बुकं शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, त्याला ऊबेत ठेवायला, आजार ओळखायला शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि त्याच धर्तीवर आज आशाताई घरोघरी बाळं बघायला येतात. त्या बायकांना जे जमलं ते तुला जमेल. तू तर त्याची आई आहेस.

आजच डॉक्टरांना सांग, घरी जायच्या आधीच्या दोन्ही रात्री बाळ माझ्याजवळ द्या, मी सगळं माझ्या हाताने करते. दूध, औषध, लंगोट, रात्रीचं उठणं, सगळं. सिस्टर हाकेच्या अंतरावर असतील. तुला अडेल ते तिथेच अडू दे. दोन रात्रींनी भीती संपली नसेल तर अजून एक दिवस माग, त्यात संकोच कसला?

श्वास असा मोज. बाळ झोपलेलं असताना झबलं थोडं वर कर आणि पोटाकडे बघ. पोट वर गेलं की एक. सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोज, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, कारण या बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. चार-पाच श्वास भराभर घेतील, मग पाच-दहा सेकंद गप्प, मग परत भराभर. पहिल्यांदा बघणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो, पण रंग गुलाबी असेल तर ते कमी दिवसांच्या बाळाचं नेहमीचं वागणं आहे. वीस सेकंदांच्या पुढे श्वास थांबला, किंवा त्याआधीच ओठ निळे-काळे दिसले, बाळ लिबलिबीत पडलं, तर मात्र एका हाताने तळवा किंवा पाठ चोळायची आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं. चोळल्यावर बाळ लगेच सावरलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचंच. झोपेत श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले तर परत एकदा मोज. तेवढेच आले तर तेही दाखवायचं लक्षण. करोनाच्या काळात आणलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असेल तर कपाटातच राहू दे. तो मोठ्यांच्या बोटासाठी आहे, बाळाच्या बोटाला चुकीचे आकडे दाखवून तुम्हा सगळ्यांची झोप घालवेल.

रात्री तुला झोप लागावी म्हणून माझ्याकडे एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे बाळाला अंगाशी धरणं. तिथे तुला ‘कांगारू’ करायला सांगितलं असेल. पुष्कळ जणी हॉस्पिटलात तासभर करतात आणि घरी गेल्यावर सोडून देतात. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत, किंवा ते स्वतःच तिथून निसटायला धडपडू लागेपर्यंत सोडू नकोस. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर, म्हणजे बाळांना ऊबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या, पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. निकडीपोटी काढलेली ती वाट होती. पुढे दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. १ किलोपासून १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शंभरात जवळपास सोळांवरून बारांवर आले. हे २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसातले आठ ते चोवीस तास कांगारू करायला सांगते.

ते असं करायचं. पुढून उघडणारा गाऊन किंवा सैल ब्लाऊज घाल. बाळाला फक्त टोपरं, पायमोजे आणि लंगोट. दोन स्तनांच्या मधोमध उभं ठेव, बेडकासारखे पाय दुमडलेले, हात तुझ्या अंगावर, मान एका कुशीला वळलेली. हनुवटी छातीवर टेकता कामा नये, नाहीतर श्वासाची वाट दबते. मग मऊ सुती साडीचा पट्टा त्याच्या कानाखालपासून ढुंगणाखालपर्यंत ताणून बांध आणि वरून शाल घे. पाठीला दोन उशा लावून अर्धवट टेकून बस. पाचेक मिनिटांत त्याची मूठ सैल पडेल. त्याचा श्वास तुला मोजावा लागणार नाही, तुझ्या कातडीलाच कळेल. तुला डुलकी लागली आणि कुणी जागं शेजारी असेल तर चालेल. एकटी असशील आणि डोळे मिटायला लागले तर त्याला शेजारी सपाट अंथरुणावर उताणं ठेव.

आणि तुझ्या सासूबाईंबद्दल. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ त्यांची आहे. तेहतीस दिवस एक बाई बाकड्यावर बसून आहे आणि नातवाला हात लागलेला नाही. हाताला काम नाही म्हणून तिने खोली सजवली. शेगडी मांडली, सहाण धुऊन ठेवली. तिला जे येतं ते तिने केलं. तू घरात पाऊल ठेवल्याठेवल्या ‘हे नको, ते नको’ म्हणालीस, तर त्या माऊलीला परत बाकड्यावरच बसवल्यासारखं होईल. त्यापेक्षा आजच सिस्टरांना विनंती करून, हात धुऊन गाऊन घालून त्यांना दहा मिनिटं आत आण आणि बाळ त्यांच्या छातीशी दे. कांगारू आजीलाही करता येतं, बापालाही. ‘आई, मी जेवते-अंघोळ करते तोवर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास ह्याला ऊब तुमची’ असं म्हण. ज्या बाईच्या छातीवर नातू झोपतो तिला शेगडीची आठवण राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेगडी-धुरीचं मात्र ठाम राहा. बंद खोलीत पेटते कोळसे म्हणजे विषारी वायू, आणि ओवा-धुपाचा धूर त्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. सासूबाईंना ओवा-शेपा तुझ्या जेवणानंतरच्या सुपारीत घालू देत, अळीव-डिंकाचे लाडू करू देत, ते उत्तमच. खिडकीची झुळूक अडवा, टोपरं-मोजे घाला. आणि दिवसातून चार-पाच वेळा हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट, मग तळवा बघायचा. दोन्ही कोमट तर छान. पोट गरम पण तळवे गार म्हणजे बाळाला थंडी लागतेय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी घेऊन थेट दवाखाना.

मोहरीची उशी नको. या बाळांचं डोकं लांबट दिसतं, पुढे ते आपोआप भरतं. झोपवायचं उताणं, सपाट, घट्ट अंथरुणावर. काचेत त्याला पालथं ठेवलेलं तू पाहिलं असशील, पण तिथे मशीन जोडलेलं होतं. झोळीही सध्या नको, तिच्यात पाठीला बाक येऊन हनुवटी छातीवर जाते. गुटी, ग्राइप वॉटर, साधं पाणीसुद्धा सहा महिने नाही, आणि मध तर वर्षाचा होईपर्यंत नाही. काजळ डोळ्यांत नाही, तीट लावायची तर तळपायाला लावा. टाळू आपली आपण भरते, तिथे तेल थापायची गरज नाही. तेलाला माझा विरोध नाही हं. घरचं खोबरेल हलक्या हाताने अंगाला चोळलं तर कातडीला चांगलंच, पण मालिशवाली बाई, तिचे झटके, कान-नाकात तेल, यातलं काही नको. अंघोळ अडीच किलोनंतर, तोवर कोमट ओल्या फडक्याने पटकन पुसून कोरडं करायचं.

दुधाचं जरा सविस्तर सांगते, कारण घरी गेल्यावर वजन अडतं ते इथेच. कमी दिवसांचं बाळ भूक लागली म्हणून रडेलच असं नाही. ते झोपून राहतं आणि घरातले म्हणतात, किती शहाणं आहे. तू घड्याळ लावून दर दोन तासांनी त्याला उठव, रात्रीसुद्धा. आधी अंगावर पाज, दमून थांबला की उरलेलं तुझंच पिळून काढलेलं दूध बोंडल्याने दे. त्याला अर्धवट बसतं धर, मान तुझ्या तळहातावर. बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकव आणि थांब. ओतू नकोस. जीभ बाहेर येईल, दूध चाटेल, गिळेल, मग पुढचा घोट. ठसका लागला तर बोंडलं बाजूला, बाळ कुशीवर, श्वास सावरू दे. तिथे आता एका वेळी किती मिली देतात आणि ते कसं वाढवायचं, हे सिस्टरांकडून मराठीत लिहून घे. बोंडलं-वाटी प्रत्येक वेळी धुऊन दहा मिनिटं उकळायची. काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास, फ्रीजमध्ये एक दिवस. बाटली आणूच नकोस. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले झाले आणि आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढले की समज पोट भरतंय. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. रोज तोललं तर जीव टांगणीला लागतो.

औषधांत लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब असतील. ‘ड’च्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४०० युनिटच्या आणि ८०० युनिटच्या. हॉस्पिटलात एक लिहिली आणि बार्शीच्या दुकानात दुसरी मिळाली तर मात्रा दुप्पट किंवा अर्धी होते. रिकामी बाटली दाखवून तीच माग. लोहाने शी काळपट होते, घाबरू नकोस.

आता २ जानेवारी. इथे सासऱ्यांचं ऐकू नकोस, वाईटपणा घ्यावा लागला तरी घे. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत कडेपर्यंत पोचतात. बाळ आधी जन्मलं की त्या अर्ध्यात राहतात आणि कधी कधी वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात. म्हणूनच आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांत तपासायचे असतात, आणि मग पडदा पूर्ण झाला असं डॉक्टर म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा. बाहेरून डोळे टपोरे आणि सुंदर दिसतात. बाळ टुकुटुकु बघतंय असं वाटतं. गरज पडली तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत करावं लागतं, महिनाभर लांबवता येत नाही. वेळेत झालं तर बहुतेकांची दृष्टी वाचते.

माझ्या नोकरीच्या काळात एक बाळ पाच महिन्यांचं होऊन परत आलं. आई म्हणाली, बांगड्या वाजवल्या की वळतो, पण चेहऱ्याकडे बघत नाही. तपासलं तेव्हा दोन्ही पडदे सुटलेले होते. मी त्यांचं कार्ड काढून बघितलं. तपासणीची तारीख आम्हीच लिहिलेली होती, इंग्रजीत, मागच्या बाजूला, दहा ओळींच्या खाली. त्या आईला तेवढं वाचता येत नव्हतं आणि आम्ही कुणी तिला तोंडाने सांगितलं नव्हतं. ते कार्ड मला आजही दिसतं. त्यानंतर डोळ्यांची तारीख सांगितल्याशिवाय मी एकाही आईला दारातून सोडलं नाही, आणि म्हणून तुलाही सांगतेय: २ जानेवारी, सोलापूर.

थंडीचं सासऱ्यांना सांग की बाळ पोटाशी बांधून, वरून शाल घेऊन नेणार आहे. प्रवासात त्याहून ऊबदार जागा नाही. गाडी मिळाली तर उत्तम. एसटीने गेलीस तर खिडकीपासून दूर बस. आणि जायच्या आधी कार्डावर बघ, कानांची ‘बेरा’ तपासणी झालीय का. काचेत राहिलेल्या बाळांची ती व्हायलाच हवी.

घरातल्या कॅलेंडरवर दोन तारखांवर खूण कर. एक जन्माची, एक २० जानेवारीची. लसी जन्मतारखेने, म्हणजे सहा आठवड्यांची लस ३० डिसेंबरला, वजन कमी आहे म्हणून पुढे ढकलायची नाही. वाढ मात्र २० जानेवारीपासून मोजायची, निदान दोन वर्षं. तो ओळखीचं हसेल ते साधारण मार्चमध्ये. शेजारणीचं नोव्हेंबरातलं बाळ जानेवारीतच हसायला लागेल, तेव्हा रडत बसू नकोस. संक्रांतीला तर त्याचा जन्मायचा दिवससुद्धा उजाडलेला नसेल! बोरनहाण पाच वर्षांचा होईपर्यंत कधीही करता येतं, पुढच्या वर्षी तो स्वतः बोरं वेचेल. बारसं घरच्या घरी करा. आत्याने हात साबणाने धुऊन, अंगठ्या-बांगड्या काढून कानात कुर्र करावं आणि नाव ठेवावं. बाकीच्यांना पेढे घरपोच. सर्दी-खोकला असलेला माणूस सख्खा असला तरी उंबऱ्याबाहेर.

दूध प्यायचं सोडलं, एकदम सुस्त झाला, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. हे कागदावर लिहून दारामागे लाव, म्हणजे तू झोपलेली असताना सासूबाईंनाही कळेल.

तुझ्या नवऱ्याचा पत्रात उल्लेखच नाही. त्याचीही छाती आहे. रविवारची दुपार त्याची, असं ठरवून टाक. रात्री दोन-दोन तासांनी उठून तू पंधरा दिवसांत पार थकशील. दिवसा बाळ आजीच्या छातीवर असेल तेव्हा खरंच झोप. भांडी घासायला उठू नकोस. आणि रडू येणं दोन आठवड्यांनीही थांबलं नाही, बाळाजवळ जावंसं वाटेनासं झालं, तर बाळाच्या डॉक्टरांनाच सांग, ते तुला योग्य ठिकाणी पाठवतील.

डोळे तपासून आलीस की मला दोन ओळी लिही. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि वजन किती भरलं तेही.